याव कडे

खडे बाजारात दस्तगीरचाचांकडं उरलं होतं
कथलाचं शेवटचं कांडं.
"भांडं कुठलं?" त्यांनी विचारलं.
"काच," मी म्हटलं.
काचेला कल्हई! हसले ते,
आणि वजन करताना काटा
माझ्या बाजूला जरासा झुकू दिला.

उद्यमबागेत, फाउंड्रीच्या मागच्या शेडमध्ये
आम्लात तीन दिवस विरघळत होतं कथील.
गिरिमल्ल रोज येऊन बाटली उजेडाला धरायचा,
लोणचं मुरलं का बघावं तसा.
मग स्पिरिट. मग चिमटीभर फ्लोराइड.
आणि अनगोळच्या मूर्तिकाराकडून मागून आणलेला एअरब्रश,
गणपतींचे डोळे रंगवून संपले
की पुढच्या आषाढापर्यंत रिकामाच पडून असतो तो.

काच जुनी, एका दुकानाची पाटी.
कुणी रंगवली, कुठल्या लिपीत,
ब्लेडनं खरवडून झाल्यावर कशाला विचारायचं?
कापून पाच तुकडे केले.
साबण, राख, पुन्हा साबण, स्पिरिट.
त्यानंतर बोट लावायचं नाही.
धुतलेल्या काचेला माणसाचं बोट
भांड्याला उष्टं लागावं तसं लागतं.

साडेचारशे अंश.
फवारा एका श्वासाएवढा, मग थांबायचं,
काच पुन्हा तापेपर्यंत.
मला थांबणं जमत नाही, चार तुकडे त्यातच गेले,
टिचकी वाजवावी तसे.
पांढरा धूर खिडकीबाहेर गेला, तेव्हा
शेजारच्या लेथवरून इराप्पा ओरडला,
"काय करुलालासा गा? भूत काढुलालासा काय?"

पाचव्या तुकड्याला एअरब्रश गिरिमल्लनं घेतला.
मी फक्त मोजत होते.
सोळाव्या फवाऱ्याला काचेवर काहीतरी आलं:
कांद्याच्या पातळ सालीचा गुलाबी,
मग हिरवट, मग परत गुलाबी.
तेही तिरकं बघितलं तर.
सरळ बघणाऱ्याला पलीकडची भिंत.

गार झाल्यावर पंचाईत.
चिमट्यातनं काढताना उलटली की नाही
दोघांनाही आठवेना.
"याव कडे?" तो म्हणाला.
त्याच्या भाषेत कडे म्हणजे बाजू.
माझ्या भाषेत, तिकडे निघालेलं काहीतरी.
मी मीटरच्या पिना टेकवल्या:
काही नाही. मुकी काच.
उलटवली.
बावीस ओहम.
पिना उचलून फडक्याला पुसल्या, परत टेकवल्या.
बावीस.
"चहा सांग अक्का," गिरिमल्ल म्हणाला.

संध्याकाळी ट्यूबखाली तिरकी धरली तेव्हा दिसलं:
कोपऱ्यात एक फिकट वर्तुळ,
खरवडूनही न गेलेलं, लेपाखाली बसलेलं.
"शून्य," मी म्हटलं. "फोन नंबरातलं."
"सोन्ने," तो म्हणाला. "पण अक्षराच्या पुढचं.
मागं काहीतरी असणार, नाकात म्हणायचं."
मागचा तुकडा केरात होता.

संकेश्वरच्या बाळगोंडा अण्णांना
उबवणीच्या पेटीला खिडकी पाहिजे होती,
धुकं न धरणारी, पिल्लं फुटताना दिसतील अशी.
त्यांनी काच उलटसुलट केली, नखानं वाजवली.
"नुसती काच हाय की ही. पैसे कशाचे?"

गिरिमल्लनं पितळी पट्ट्यांना बॅटरी जोडली.
मी खाली गरम पाण्याचा तांब्या धरला.
सगळी काच पांढरी झाली.
आम्ही तिघं उभे, कोणी बोलेना.
मग मधनंच कुठूनतरी विरायला लागलं,
पलीकडे अंड्यांच्या रांगा दिसायला लागल्या,
एक ट्रे, दुसरा ट्रे, पेटीतला पिवळा बल्ब.
तेवढं वर्तुळ राहिलं. पांढरं, हट्टी.

बाळगोंडा अण्णा चष्मा वर करून वाकले.
"हे काय लिहिलंय?"
गिरिमल्लनं माझ्याकडं बघितलं,
मी त्याच्याकडं.
तोवर तेही गेलं.

पैसे त्यांनी निम्मे दिले.
बाकीचे म्हणे, पिल्लं फुटल्यावर.